चोरीची केबल, तांब्याची हंडी आणि ओतीव कढई

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. कोपरखैरणेतल्या तुमच्या सोसायटीतून अर्थिंगची तांब्याची पट्टी चोरीला गेली. त्याच सुमारास तुम्ही वाशीच्या प्रदर्शनातून 'पारंपरिक' म्हणून एक तांब्याची हंडी आणि एक जाड ओतीव ॲल्युमिनियमची कढई घेतलीत. शेजारचे काका म्हणाले, "ही सगळी चोरीच्या केबलची भांडी, घरात ठेवू नका." हे खरं का, त्यात शिजवलेलं चालेल का, आणि आपण नकळत चोरीला हातभार लावला का, असं तुम्ही विचारलंय.

भांड्यांकडे येतो, पण त्याआधी तातडीचं सांगतो. पट्टी गेल्यानंतर लिफ्ट आणि पाण्याचा पंप तसाच चालू असेल तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंगचं माप घ्यायला लावा. अर्थिंग नसतानाही दिवे लागतात, लिफ्ट चालते, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. पंपाच्या बॉडीत करंट उतरला की मगच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. नवी पट्टी तांब्याचीच हवी असा हट्ट धरू नका. योग्य मापाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी बहुतेक इमारतींना चालते आणि तिला भंगारात तांब्याचा भाव मिळत नाही. तांब्याचीच टाकायची ठरली तर जमिनीपासून माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत ती पाइपात बंद करा आणि दर हातभर अंतरावर सोसायटीच्या नावाची अक्षरं पंचाने ठोकून घ्या. याचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच.

आता मूळ मुद्दा. मी वागळे इस्टेटमध्ये ओतकामाच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आणि हल्ली रबाळ्याला धातू तपासणीचं काम करतो. काकांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. माल चोरीचा आहे का, हा प्रश्न भंगारवाल्याच्या काट्यावर सुटतो. भांडं खाण्यापिण्याला चांगलं आहे का, हे भट्टीत ठरतं. चोरीच्या मालाचं भांडं आरोग्याला उत्तम असू शकतं आणि पक्क्या बिलाचं भांडं वाईट असू शकतं.

चोरीचा माल जातो कुठे, ते बघू. मुंबईत गुलालवाडी आणि कीका स्ट्रीटचा भाग हा अलोह (लोखंड सोडून इतर) धातूंचा जुना बाजार. तिथले भाव वर्तमानपत्रांत छापून यायचे. त्या यादीत 'कॉपर केबल स्क्रॅप', 'कॉपर युटेन्सिल स्क्रॅप', 'आर्मेचर', 'ब्रास युटेन्सिल स्क्रॅप' अशा ओळी एकाखाली एक असायच्या. म्हणजे बाजाराच्या लेखी तुमची हंडी आणि तुमची पट्टी शेजारी-शेजारी बसतात, फक्त भाव वेगळा. केबलचं तांबं महाग, मोडीच्या भांड्यांचं स्वस्त. कारण भांड्यात कल्हईचं कथील असतं, झाळ असते, कान-कड्यांचं पितळ असतं. केबलमध्ये असलं काही चालत नाही. तांब्यात जरासं लोखंड किंवा फॉस्फरस आलं तरी वीज वाहण्याची क्षमता पडते, म्हणून विजेचं तांबं ९९.९ टक्के शुद्ध ठेवावं लागतं. विजेच्या तारेचं ॲल्युमिनियमही ९९.५ टक्क्यांच्या वर असतं.

त्यामुळे सोललेली चकचकीत केबल हाती आली की व्यापारी ती आधी शुद्धतेचे पैसे देणाऱ्याकडेच पाठवतो. मोटारींचं वाइंडिंग, बसबार, रॉड, तिकडे. काही माल पितळ बनवायला जातो, काही लहान रोलिंग मिलमध्ये पत्रा व्हायला, आणि त्या पत्र्यातून हंडी-कळशीसाठी गोल चकत्या कापल्या जातात. म्हणजे तुमच्या हंडीत केबलचं तांबं असणं अगदी शक्य आहे. पण केबल म्हणजे चोरीचीच असं नाही. नौपाड्यात पुनर्विकासाला गेलेल्या प्रत्येक जुन्या इमारतीतून वायरिंग निघतं, कारखाने बंद पडले की यंत्रांसोबत केबल विकली जाते, आणि हे सगळं रीतसर होतं. १०८५ अंशांना तांबं वितळलं की दोन्ही माल एकच. मग माझं यंत्र काय, कुठलंही यंत्र सांगू शकत नाही की हे तांबं कुणाच्या गच्चीवरून उतरलं होतं.

म्हणून चोरी पकडायची तर वितळण्याच्या आधी, आणि तिथे ती पकडता येते. रेल्वेच्या ओव्हरहेड वायरचंच बघा. जी तार पेंटोग्राफला, म्हणजे गाडीच्या टपावरच्या वीज घेणाऱ्या दांड्याला, घासते तिला कॉन्टॅक्ट वायर म्हणतात. तिचा छेद साध्या तारेसारखा गोल नसतो. वरच्या बाजूला दोन्हीकडून खाचा असतात, त्यात क्लिपा बसतात. खालची बाजू पेंटोग्राफने घासून सपाट झालेली असते. असा वीतभर तुकडा काट्यावर पडला आणि "मला ओळखला नाही" असं कुणी म्हणालं, तर तो खोटं बोलतोय. ठाणे-कळव्याच्या पट्ट्यात भंगाराचा धंदा करणाऱ्याला रेल्वेची तार ओळखता येत नाही, हे मी तरी मानणार नाही.

कायद्यानेही हेच हेरलंय. टेलिफोन-तारायंत्राच्या तांब्याच्या तारा बाळगण्याबद्दल १९५० सालीच वेगळा कायदा झाला. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा कायदा आहे. त्यात माल रेल्वेचा आणि चोरीचा असल्याचा वाजवी संशय असेल तर तो आपल्याकडे रीतसर कसा आला, हे बाळगणाऱ्यानेच सिद्ध करायचं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वीजवाहिन्यांच्या चोरीसाठी २००३ च्या विद्युत अधिनियमात कलम १३६ आहे. तुमची सोसायटी खाजगी, त्यामुळे बहुधा साधी चोरीची तक्रार होईल. चोरीचा माल घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, पण माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होतं किंवा तसं वाटायला कारण होतं, हे दाखवावं लागतं. पट्टीवर अक्षरं ठोका म्हणालो ते याचसाठी. 'अमुक सोसायटी' असं कोरलेली पट्टी विकत घेतल्यावर "मला काय माहीत" म्हणायला जागा उरत नाही. आणि तुमचं म्हणाल तर प्रदर्शनात उघड्यावर, बाजारभावाने घेतलेल्या हंडीबद्दल तुम्हाला असं कुठलंच कारण नव्हतं. मी वकील नाही, पण या एका बाबतीत झोप उडवून घेऊ नका.

खरी गोम कागदाची आहे. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिननोंदणीच्या विक्रेत्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी त्यानेच भरायचा. चांगलं आहे, पण कागद जन्माला येतो तो मोठ्या व्यापाऱ्याच्या दारात. हातगाडीवाल्याने पहिला काटा केला तिथे अजूनही तोंडी व्यवहार आणि रोख पैसे. चोरीचा माल त्या पहिल्या काट्यावरच धुऊन निघतो.

आता स्वयंपाकघराकडे वळू. तांबं खरोखर केबलचं असेल तर तुमचं नशीब चांगलं म्हणायचं, कारण भंगारात त्याहून स्वच्छ तांबं मिळत नाही. भीती केबलची नाही, केबलबरोबर मुशीत काय पडलं त्याची आहे. जुन्या जमिनीखालच्या केबलला कागदाचं वेष्टन आणि वर शिशाचं आवरण असायचं, जोडही शिसं-कथिलाच्या सोल्डरचे. ते नीट सोललं नाही तर शिसं आत जातं. पितळात तर शिसं मुद्दाम घातलेलं असतं. नळाच्या तोट्या, वॉल्व्ह, स्क्रू यांचं पितळ लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात दोन-तीन टक्के शिसं असतं. ते भंगार पातेल्याच्या पितळात मिसळलं की पातेलं दिसायला तेच, सोनेरी. डोळ्यांना, हाताला, आवाजाला काहीही कळत नाही.

कढईची गोष्ट जरा वेगळी, आणि माझ्या मते तुमच्या दोन वस्तूंपैकी काळजीची तीच. विक्रेता म्हणाला असेल, "केबलचं शुद्ध ॲल्युमिनियम आहे." ओतकाम केलेला माणूस यावर हसेल. शुद्ध ॲल्युमिनियम वाळूच्या साच्यात नीट ओतलं जात नाही. ते कोपऱ्यांत पोचत नाही आणि थंड होताना चिरतं. ते वाहतं राहावं म्हणून त्यात सिलिकॉन लागतं. लहान भट्टीवाला सिलिकॉन विकत आणत बसत नाही, तो जुने पिस्टन आणि स्कूटरचे इंजिन केसिंग टाकतो, कारण त्यांत ते आधीच असतं. त्यांच्यासोबत मग बेअरिंगचे तुकडे, रेडिएटर, ग्रीस, रंग, जे चिकटलेलं असेल ते सगळं. म्हणजे ओतीव कढई ही जवळपास नेहमीच मिसळ असते. कढई उलटी करून बुडाकडे बघा. मध्यभागी किंवा कडेला धातू ओतायची नाळ कापून ग्राइंडरने घासल्याची खूण दिसेल. आतून वाळूचा खरखरीत पोत आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर ती ओतीवच. पत्र्यातून दाबून किंवा फिरवून काढलेलं पातेलं असं दिसत नाही. ते आतून-बाहेरून गुळगुळीत असतं, आणि पत्रा लाटता यावा म्हणून त्याचा धातू तुलनेने स्वच्छ ठेवावाच लागतो.

ही भीती हवेतली नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत भंगार ॲल्युमिनियम वाळूत ओतून घरगुती भांडी बनवतात. कॅमेरूनमधल्या अशा भांड्यांत शिसं सापडल्याचा अभ्यास २०१४ मध्ये आला. मग २०१७ मध्ये दहा विकसनशील देशांतल्या ४२ भांड्यांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि साधारण एक तृतीयांश भांड्यांतून आरोग्याला धोका होईल इतकं शिसं उतरू शकतं असं दिसलं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या (हाही ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू) काही आयात भांड्यांबद्दल इशारा दिला, तोही शिशासाठीच. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय खूण सक्तीची केल्याचं जाहीर केलं. तुमच्या कढईवर ती खूण नसणार, हे न बघता सांगतो. मी तुमच्या जागी असतो तर तपासून घेईपर्यंत त्या कढईत आमटी, सांबार, टोमॅटोची भाजी, काही आंबट शिजवलं नसतं. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर कढई वापरातूनच काढा.

केबल चोरीत आरोग्याची सगळ्यात मोठी किंमत तुम्ही-आम्ही मोजत नाही, ती मोजतो केबल जाळणारा माणूस. सोलायला वेळ लागतो, म्हणून शीळफाट्याच्या पुढे किंवा खाडीकाठी रात्री वेटोळी पेटवतात. पीव्हीसी जळताना त्यातून आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन नावाचं विष निघतं, आणि तांब्याच्या सान्निध्यात डायॉक्सिन जास्तच तयार होतं. जुन्या पीव्हीसीत टिकाऊपणासाठी शिशाचे क्षार असायचे, ते राखेत उरतात. रेल्वेची जी वरची तार कॉन्टॅक्ट वायरला तोलून धरते, ती बऱ्याच ठिकाणी कॅडमियम मिसळलेल्या तांब्याची असते. कॅडमियम ७६७ अंशांवरच उकळतं, तांबं वितळायच्या कितीतरी आधी. ते भांड्यात फारसं उरत नाही, भट्टीवाल्याच्या छातीत जातं. एवढं करून जळक्या तारेला सोललेल्या तारेपेक्षा भाव कमीच.

आता 'पारंपरिक' या शब्दाकडे येऊ. हंडीचं तांबं भंगाराचं आहे म्हणून ती पारंपरिक नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. आपली भांडी पहिल्यापासून मोडीतूनच घडत आलीत. जुनं, गळकं पातेलं तांबट-कासाराकडे मोड म्हणून द्यायचं, घट वजा करून घ्यायची, वर मजुरी देऊन नवं घ्यायचं. पणजीचं नाव कोरलेला तांब्या अशा मोडीत गेला की नावही मुशीत गेलं. बरं, मूळ धातू तरी इथला होता का? सतराव्या-अठराव्या शतकात डच व्यापारी जपानचं तांबं सुरतेला उतरवत होते आणि पुढे इंग्रजांनी युरोपचं तांबं आणलं. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांनी वसवली, त्यांच्या हाताखालचं सगळं तांबं सह्याद्रीच्या कुशीतलं नव्हतं. धातू फिरत आला, इथलं होतं ते घडवणं. पत्रा तापवायचा, निववायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. शेवटी मठाराचे ठोके घालतात ते नुसते शोभेला नसतात, ठोकल्याने तांबं कडक होतं आणि पातळ पत्रा असूनही भांडं चेपत नाही. तुमच्या हंडीवरचे ठोके भिंगाने बघा. सगळे एकाच मापाचे, एकाच अंतरावर असतील तर तो यंत्राचा छाप आहे. हाताच्या ठोक्यांच्या ओळी सरळ असल्या तरी दोन ठोके तंतोतंत सारखे नसतात.

ॲल्युमिनियमची कढई मात्र कुणी 'आजीच्या काळची' म्हणून विकली तर आजी नेमकी कुणाची ते विचारा. हा धातू स्वस्तात काढायची रीत १८८६ मध्ये सापडली. भारतात त्याची भांडी बनवायची सुरुवात अल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत केली. म्हणजे या परंपरेचं वय सव्वाशे वर्षं. दक्षिण आफ्रिकेत तीन पायांचं बिडाचं काळं भांडं तिथलं पारंपरिक मानतात, तेही युरोपातून व्यापाऱ्यांनी नेलेलं. वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायचं पेटंट इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये घेतलं होतं. त्याच दक्षिण आफ्रिकेत केबल चोरी इतकी हाताबाहेर गेली की २०२२ च्या नोव्हेंबरात सरकारने तांब्यासकट भंगार धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली. भांडं नवं की जुनं यावरून मला फरक पडत नाही, पण 'पारंपरिक' म्हणून दुप्पट पैसे लावले असतील तर मात्र पडतो.

हंडी वापरायची कशी? प्रदर्शनातल्या तांब्यावर बऱ्याचदा चमक टिकावी म्हणून लॅकर मारलेलं असतं, ते आधी काढायला हवं. नुसत्या पाण्यासाठी कल्हई लागत नाही. ताक, चिंच, कोकम मात्र बिनकल्हईच्या तांब्यात घालू नका, कळकतं हे घरातल्या मोठ्यांनी सांगितलं असेलच. शिजवायचं असेल तर कल्हई करून घ्या. इथे पुन्हा शिसं आडवं येतं. कथील महाग, म्हणून काही जण त्यात शिसं मिसळतात किंवा सरळ सोल्डरची कांडी वापरतात. कल्हईवाल्याकडची कथलाची कांडी हातात घ्या, कानाजवळ धरून हळूच वाकवा. शुद्ध कथील वाकताना बारीक करकर आवाज येतो. शिसं मिसळलं की तो दबतो. हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नाही. पण कांडी मागितल्यावर कल्हईवाला द्यायला कां-कूं करायला लागला, तर तिथून उठा.

घरी शिसं ओळखायचा खात्रीचा उपाय नाही. लिंबू चोळणं, वजन करून घनता काढणं, वाजवून बघणं, यांतून टक्का-दोन टक्के शिसं कळत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे एक्सआरएफ बंदुकीने (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राने) भांड्याला धक्का न लावता मिनिटाभरात अंदाज मिळतो. दर प्रत्येकाचा वेगळा, आधी फोन करून विचारा आणि सोसायटीतल्या चार-पाच घरांची भांडी एकदमच न्या. जाताना हे लक्षात ठेवा: ती बंदूक धातूचा फक्त वरचा थर वाचते. कल्हई असलेल्या हंडीत आतून धरली तर कल्हईचं उत्तर येईल, बाहेरून धरली तर तांब्याचं. लॅकर काढूनच न्या आणि दोन्ही बाजूंनी वाचन घ्यायला सांगा. कढईचं मात्र तीन-चार वेगवेगळ्या जागी घ्यायला लावा, कारण शिसं ॲल्युमिनियममध्ये विरघळत नाही, ते ठिकठिकाणी बारीक थेंबांसारखं साठून राहतं आणि एका जागी शून्य आलं म्हणजे कढई सुटली असं होत नाही.